दहावीनंतर हाताचं काम शिकायचंय? विदर्भातल्या गावाकडच्या पोरापोरींसाठी पायरी-पायरीनं

दिवाळी झाली की माझ्या दुकानासमोर जळालेल्या पाण्याच्या मोटारींची रांग लागते. कपाशीला पाणी, हरभऱ्याला पाणी, गहू पेरायचा, सगळं एकाच पंधरवड्यात येतं. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढतो, व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो आणि मोटार गुरगुरत जागेवर जळते. शेतकरी ती मोटारसायकलच्या मागं बांधून आणतो आणि एकच विचारतो, "कवा देता भाऊ?" त्याला उद्या पाहिजे असते, कारण वावर सुकत असतं.

हिंगणघाट तालुक्यात माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. इतक्या वर्षांत काम नाही असा एकही हंगाम गेला नाही. मदतीला शिकलेला हात मात्र मिळत नाही. त्याच गावाच्या पारावर डी.एड., बी.एड., एम.ए. झालेली पोरं जागा निघायची वाट पाहत बसलेली असतात. मीही त्यांच्यातलाच. डी.एड. झालो, चार वर्षं अर्ज केले. एका संस्थेनं जागेसाठी जो आकडा सांगितला, तेवढ्यात आमचं अर्धं वावर गेलं असतं. वयाच्या चोविसाव्या वर्षी मी सोळा वर्षांच्या पोरांसोबत आयटीआयच्या बाकावर बसलो. ती चार वर्षं तुमची वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर गेले. ज्याला खरंच प्रशासनात जायचंय, डॉक्टर व्हायचंय, शिकवायची ओढ आहे, त्यानं जरूर जावं. त्याला मी अडवणार नाही. पण "दुसरं काय करू" म्हणून कोणी त्या रांगेत उभा राहत असेल, तर दुसरं आहे, आणि त्याची वाट पुढं सांगतो. एक अट आहे. हे काम अर्धवट शिकायचं नाही. विदर्भात अर्धवट शिकलेले हात भरपूर आहेत आणि त्यातले काही मी खांबावरून खाली उतरवलेले पाहिले आहेत.

पहिली पायरी: आधी गाव मोजा

आयटीआयचा फॉर्म भरायच्या आधी, दहावीच्या सुट्टीत, एक वही घ्या आणि आपलं गाव आणि शेजारची चार गावं फिरा. विहिरीवर मोटारी किती, बोअर किती, सौर पंप किती, ट्रॅक्टर किती, पिठाची गिरणी, कूलर, फ्रिज, मोटारसायकली किती, ते लिहा. समोर लिहा की बिघडल्यावर हे दुरुस्त कोण करतं आणि किती दूर न्यावं लागतं. ज्या ओळीसमोर "तालुक्याला नेतो, आठ दिवस लागतात" असं येईल, तिथं तुमची भाकर आहे.

विदर्भ सगळा सारखा नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात ठिबक, फिल्टर आणि खोल बोअरचे पंप. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी लोखंडी पाइप आणि पंप लवकर खातं, तिथं दुरुस्ती वारंवार लागते. गोंदिया-भंडाऱ्याला भात आणि राइस मिल. यवतमाळ, वणी, हिंगणघाटकडे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने. हंगामात ही जिनिंग रात्रंदिवस चालतात आणि मालकाला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हाकेला लागतो. चंद्रपूरला कोळसा, सिमेंट, वीज. नागपूरच्या बुटीबोरी-हिंगण्यात कारखाने. तुमच्या मावशीच्या गावात जो ट्रेड चालतो तो तुमच्या गावात चालेलच असं नाही, म्हणून वही.

दुसरी: पंधरा दिवस कोणाच्या तरी दुकानात

जे काम आवडेल असं वाटतं, त्या दुकानात जाऊन पंधरा दिवस उभे राहा. पैसे मागू नका. झाडू मारा, चहा आणा, नट धुवा आणि पाहा. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ४५ डिग्रीत वेल्डिंग पाहिल्यावर कळतं की आपल्याला हे झेपेल का. वॉर्निशच्या वासानं काहींचं डोकं उठतं. काहींना बारीक तार मोजत चार तास एका जागी बसवत नाही. यात लाज नाही. पंधरा दिवसांत कळलं तर दोन वर्षं वाचली.

या पंधरा दिवसांत आपल्या आत काय होतं तेही पाहा. एखादी बंद मोटार फिरली की तुमच्या चेहऱ्यावर काही उमटतं का? माझ्याकडं आलेल्या पोरांत मी तेवढंच पाहतो. मार्कांचं मी विचारत नाही.

तिसरी: घरी सांगणं

ही पायरी सगळ्यात अवघड. मी आयटीआयला जातो म्हटल्यावर माझे बाबा म्हणाले, "मास्तरकीचा कागद आहे ना तुयाजोळ, मंग हे काहून?" आईची काळजी वेगळी होती: "पोरगी कोन देईन तुले?" दोघांचंही चुकीचं नव्हतं. दोन एकर कोरडवाहूत मरमर केलेल्या माणसाला पोराच्या हातात पाना-पक्कड नको असते, खडू हवा असतो. हात काळे होण्यात त्यानं अपमान भोगलेला असतो.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. वही दाखवा. गावात मोटारी इतक्या, दुरुस्तीला जायचं अंतर इतकं, एका मोटारीच्या भरणावळीत मजुरी सुटते इतकी. बाबांना एकदा त्या दुकानात घेऊन जा, दुकानदाराशी बोलू द्या. आणि हेही सांगा की आयटीआय म्हणजे शिक्षण थांबलं असं होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पुढं इंजिनिअरिंगचं दारही त्याच वाटेनं उघडतं. हे कळलं की घरातला ताण निम्मा होतो, असा माझा अनुभव आहे.

लग्नाचं मात्र खोटं सांगणार नाही. आजही स्थळ आलं की पहिला प्रश्न "नोकरी आहे काय" हाच असतो. माझं लग्न उशिरा झालं. आता मात्र तेच लोक आपल्या पोराला माझ्या हाताखाली ठेवा म्हणून येतात.

आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातली गोष्ट बाबांना सांगा: १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी देशभरातले शिक्षणतज्ज्ञ बोलावले आणि पोरांचं शिक्षण हातांच्या उद्योगातून व्हावं असा विचार मांडला. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा अभ्यासक्रम ठरला. त्यालाच नई तालीम म्हणतात. हातानं काम करणारा कमी शिकलेला, ही समजूत निदान वर्धा जिल्ह्यात तरी टिकायला नको होती.

चौथी: ट्रेड निवडणं

इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, दहावी पास लागते. वायरमनही दोन वर्षांचा. वेल्डर एक वर्षाचा. वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना दहावी नापास पोरंही अर्ज करू शकतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. डिझेल मेकॅनिक एक वर्ष, फ्रिज-एसीचा ट्रेड दोन वर्षं. किमान वय १४, आणि वरच्या वयाची अट नाही. म्हणून मी चोविसाव्या वर्षी जाऊ शकलो.

गावातच राहायचं असेल तर माझं मत इलेक्ट्रिशियनकडं झुकतं, कारण त्यात वर्षभर काम फिरतं राहतं. दिवाळी ते फेब्रुवारी मोटारी. मार्च लागला की कूलर: मोटार, पंप, वायर, नवी गवताची ताटी. एप्रिल-मे बागायतदारांच्या मोटारी आणि घरातली फिटिंग, कारण बांधकामं उन्हाळ्यातच निघतात. पावसाळ्यात फवारणीचे बॅटरी पंप. वेल्डरचं काम पेरणीआधी जोरात असतं, वखर, डवरे, ट्रॉल्या, आणि नंतर घरांची गेटं, शेड. फिटर गावात एकटा फारसा चालत नाही, तो कारखान्याचा माणूस आहे. त्याला बुटीबोरी किंवा चंद्रपूर धरावं लागतं. ज्याला गाव सोडायचंच आहे त्यानं फिटर, टर्नर, मशिनिस्ट अवश्य घ्यावा.

मुलींना मी वेगळं सांगतो. "शिवणकाम घे" असं सगळे म्हणतील. शिवणकाम आवडत असेल तर घ्या. पण आयटीआयत मुलींसाठी जागा राखीव असतात आणि इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडमध्येही असतात. माझ्याकडं एक मुलगी दीड वर्ष वाइंडिंग, म्हणजे मोटार भरणं, शिकली. तिची कॉइल माझ्यापेक्षा नीट बसायची, एकावर एक तार चढायची नाही. दुकानात गिऱ्हाईक आधी तिच्याकडं पाहून मला हाक मारायचे. तीन महिन्यांनी तिला हाक मारू लागले. अडचण येते ती जाण्या-येण्याची आणि कारखान्यात राहण्याची. तिथं घरच्यांनी सोबत उभं राहावं लागतं. वाइंडिंग, पॅनलचं काम, उपकरणांची दुरुस्ती हे घराला लागून असलेल्या खोलीतूनही चालतं.

पाचवी: फॉर्म

महाराष्ट्रातल्या सगळ्या आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या एकाच ऑनलाइन पोर्टलवरून होतो. दहावीच्या निकालाच्या आसपास तो सुरू होतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, अधिवास, आधार ही कागदं मे महिन्यातच गोळा करा. निकालानंतर तहसीलला गर्दी होते आणि दाखला अडकला की प्रवेशाची फेरी जाते.

पोरं चुकतात ती दोन ठिकाणी. एक, ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजतात. तो कागदपत्रं दाखवून निश्चित करावा लागतो, नाहीतर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. दोन, विकल्प भरताना पहिल्या क्रमांकावर सहज काहीतरी टाकतात. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत थांबता येत नाही. म्हणून पहिला विकल्प तोच टाका जो मिळाला तर तुम्ही आनंदानं जाल. सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका, त्याच्या शेजारी बसून स्वतः भरा. सरकारी आयटीआय आधी, कारण फी अगदी कमी असते. खाजगीत जायची वेळ आली तर आधी वर्कशॉप उघडून पाहा. मशीनवर धूळ बसलेली असेल तर परत या.

सहावी: ती दोन वर्षं

इथंच बहुतेकांचं बिघडतं. आयटीआयत नाव टाकून पोलीस भरतीच्या ग्राउंडवर धावणारी पोरं मी पाहिली आहेत. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, हातात काही नसतं, आणि गाव म्हणतं "आयटीआयनं काय होते?"

वर्कशॉपमध्ये जो तुकडा बनवायला देतात त्याला जॉब म्हणतात. तो जॉब मित्राकडून करून घेऊ नका. पहिले काही आठवडे कानशीच चालवायला लावतात, बोटं सोलतात, कंटाळा येतो. कानशीनं हात सरळ चालायला शिकतो आणि डोळा माप धरायला शिकतो, पुढं सगळं त्यावर उभं राहतं. गणित आणि ड्रॉइंग टाळू नका. जो ड्रॉइंग वाचू शकतो तो पॅनल जोडतो, जो वाचू शकत नाही तो वायर ओढून देतो, आणि मजुरीतला फरक तिथंच पडतो.

सुट्टीत दुकानात जात राहा. पुस्तकात थ्री फेज मोटार असते. दुकानात जळालेली थ्री फेज मोटार असते, आणि ती वाचता येते. कॉइल जोडायच्या दोन पद्धती असतात, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीची मोटार उघडली आणि दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसऱ्या जशाच्या तशा दिसल्या, तर समजायचं की एक फेज गेला होता आणि मोटार दोनावर चालत राहिली. डेल्टा असेल तर उलट, एकाच फेजच्या कॉइल जळतात. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर भार जास्त झाला, व्होल्टेज कमी होतं किंवा पंप अडकला. हे शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे. नुसती मोटार भरून दिली तर ती दोन महिन्यांनी परत येईल आणि नाव तुमचं जाईल. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) बसवायला सांगा, डायरेक्ट जोडलेलं स्टार्टर दिसलं तर तोंडावर सांगा की ही मोटार पुन्हा जळणार. माझे कायमचे गिऱ्हाईक या खरं बोलण्यानंच झाले.

सातवी: अप्रेंटिस, गाव सोडून

आयटीआय झाल्या झाल्या दुकान टाकू नका. अप्रेंटिसशिप करा. १९६१ च्या कायद्यानं ती चालते आणि आता नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर होते. वीजनिर्मिती केंद्रं, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी), भद्रावती-भंडारा-अंबाझरीच्या आयुध निर्माण्या, रेल्वे, सिमेंट कारखाने, बुटीबोरीतले कारखाने अप्रेंटिस घेतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांना महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. खोलीभाडं आणि डबा धरला तर हातात फारसं उरत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा म्हणजे पहिल्या महिन्यात निराशा होणार नाही.

पण तिथं जे शिकायला मिळतं ते गावात दहा वर्षांत मिळत नाही: परमिट घेतल्याशिवाय लाइनला हात न लावणं, कुलूप लावून बोर्ड टांगणं, मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) मोजल्याशिवाय मोटार चालू न करणं, प्रत्येक कामाची नोंद. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते जपून ठेवा. २०२३ च्या अखेरीस महावितरणनं विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेलाच त्याला पात्र होता. नोकरीची वाट बंद होत नाही, ती फक्त वेगळ्या दारातून जाते.

झिरो वायरमन होऊ नका

ही पायरी नाही. पण वाचायला एवढंच निवडलंत तरी चालेल.

आपल्याकडं प्रत्येक दोन-चार गावांमागं एक झिरो वायरमन असतो. आयटीआय केलेला नसतो, किंवा अर्धवट सोडलेला असतो. लाइनमनच्या हाताखाली राहून शिकलेला. डीपीचा फ्यूज उडाला, फेज गेला, की रात्री बाराला लोक त्याला उठवतात, शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवतात आणि तो खांबावर चढतो. गावाला त्याचा आधार असतो. तो दयाळू असतो, धाडसी असतो. आणि त्याच्याकडं ना हातमोजे, ना परवाना, ना विमा. सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करवली आहे असं कोणीतरी सांगतं, दुसरीकडं कोणी चालू करतं. किंवा एखाद्या घरचं जनरेटर उलटं वीज सोडतं. तो मेला तर कागदोपत्री तो तिथं नव्हताच. बायकोला भरपाईसाठी वर्षानुवर्षं फिरावं लागतं. आमच्या भागातला असाच एक पोरगा मला काका म्हणायचा. तो कोण हे मी लिहिणार नाही. त्याच्या आईला अजून भेटवत नाही मला.

म्हणून डीपीला, खांबाला, अकरा हजार व्होल्टच्या लाइनला हात लावायचा नाही. कोणी कितीही आपला असो. त्यासाठी महावितरणचा अधिकृत माणूस असतो, त्याला बोलवा, तो उशिरा येईल, येऊ द्या. तुमचं काम मीटरच्या पुढचं. आणि मीटरच्या पुढच्या कामासाठीही तारतंत्री (वायरमनचा) परवाना काढा. आयटीआय इलेक्ट्रिशियन-वायरमन झालेल्याला तो काढता येतो, जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करा. पुढं ठेकेदारीचा परवाना काढायचा तर वाट इथूनच जाते.

उन्हाळ्यात कूलरचंही असंच. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि अर्थिंग नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं जीव जातात, त्यात लहान पोरं असतात. कूलर दुरुस्त करून देताना तीन पिनी प्लग आणि अर्थिंगची तार तपासल्याशिवाय देऊ नका, गिऱ्हाईक घाई करत असला तरी. आणि आपल्या काळ्या मातीचं लक्षात ठेवा: पावसात ती ओल धरते तेव्हा अर्थिंग छान मिळतं, उन्हाळ्यात माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि तेच अर्थिंग निकामी होतं. खड्ड्यात पाणी टाकत राहायला घरमालकाला सांगा.

आठवी: सौर, कारण पुढची वीस वर्षं त्याचीच आहेत

२०१९ मध्ये सौर पंपांची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, आणि ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप. घरांच्या छपरांसाठी २०२४ मध्येच सूर्यघर योजना आली, त्यात ३ किलोवॅट आणि वरच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. वावरात, छपरांवर पॅनल बसले आहेत आणि बसत आहेत. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादार कंपनीची असते; त्या कंपन्यांना तालुक्यात माणूस लागतो. पाच वर्षांनंतर तर सगळा भार स्थानिक माणसावरच येणार.

इथं जुन्या इलेक्ट्रिशियनची सवय घात करते. मेन स्विच पाडला की वीज गेली, ही आपली सवय. पॅनलवर ऊन आहे तोवर पॅनलच्या तारेत वीज असते, स्विच पाडून ती जात नाही. पॅनल एकामागं एक जोडलेले असल्यानं काहीशे व्होल्ट डीसी असतं, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ओढलेल्या तारेसोबत लांबत जाते. चालू पंपावर कनेक्टर उपटायचा नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मग टोंग टेस्टरनं (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरनं) पाहायचं, मग हात. टोंग टेस्टर डीसी मोजणारा घ्या, साधे फक्त एसी मोजतात. आयटीआयत सोलरचा एक वर्षाचा ट्रेडही आहे, पण इलेक्ट्रिशियन करून वर सौरचं शिकलेला माणूस मला जास्त पक्का वाटतो.

नववी: दुकान, पैसा, उधारी

सुरुवातीला दुकान भाड्यानं घेऊ नका. हत्यारांची पेटी आणि मोटारसायकल पुरे. चांगला मल्टिमीटर, टोंग टेस्टर, मेगर, इन्सुलेटेड पक्कड आणि पेचकस, यात काटकसर नको. बाकीचं कामाच्या पैशातून वाढवा. रबरी तळाचे बूट घाला, चप्पल घालून कामाला जाऊ नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती स्वतः करा. पैसे मागणारा एजंट दारात आला तर परत पाठवा. मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रातून पंतप्रधान रोजगार निर्मितीचा अर्ज केला तर ग्रामीण भागात प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी असाल तर २०२३ पासूनची विश्वकर्मा योजना पाहा, १८ कामं आहेत त्यात, आणि अवजारांसाठी १५,००० मिळतात. इलेक्ट्रिशियन त्या यादीत नाही, म्हणून कोणी फॉर्म भरून देतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका. पहिल्या वर्षी मात्र कर्ज न काढलेलं बरं, असं मला वाटतं. आधी गिऱ्हाईक, मग मशीन.

उधारीशिवाय आपल्याकडं दुकान चालत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, मग कापूस निघाल्यावर, मग तुरीवर. मोटार मात्र पैसा नसताना जळते. मी पहिल्या दोन वर्षांत सगळं उधार दिलं आणि तांब्याच्या तारेच्या दुकानदारासमोर तोंड लपवत फिरलो. मग एक नियम केला: तारेचे आणि मालाचे पैसे आधी रोख, मजुरी सुगीला. शेतकऱ्याला हे पटतं, कारण यात त्याचीही सोय आहे. मजुरीची रक्कम त्याच्यासमोर वहीत लिहा, त्याला वाचून दाखवा. कापसाला भाव पडला त्या वर्षी तगादा लावू नका, निम्मे घ्या. पण वही फाडू नका.

दर आधी सांगा. काम करून झाल्यावर आकडा सांगणाऱ्या माणसाकडं लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. नातेवाइकालाही दर तोच, हवं तर घरी जेवायला बोलवा.

दहावी: भरणावळीची वही

ज्यांनी वाइंडिंग निवडलं त्यांच्यासाठी हे. जळालेल्या मोटारीची जुनी तार कापायच्या आधी लिहून घ्या: कंपनी, अश्वशक्ती, खाचा किती, एका कॉइलमध्ये फेरे किती, तारेचा गेज, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाते, जोडणी स्टार की डेल्टा. खाचांचं छोटं चित्र काढा. जुन्या कॉइलचं वजन करा, नव्या तारेचा अंदाज तिथूनच लागतो. खाली तारीख, गाव, आणि मोटार का जळली ते. आधीच कोणी चुकीचे फेरे भरून ठेवलेले असतात, म्हणून त्याच मापाच्या दुसऱ्या मोटारीच्या पानाशी ताडून पाहा.

माझी पहिली वही वॉर्निशनं पिवळी झाली आहे, काही पानं एकमेकांना चिकटली आहेत. आता शिकायला आलेली पोरं मोबाइलवर तिचे फोटो काढतात. काढू देतो, पण पुढची मोटार आली की सांगतो: फोटो बंद कर, पेन घे आणि खाचा मोज.